झोपे वकिलांची पहिली केस

१० एप्रिल १९७१, भादली
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पुढे तारखा लागतील तेव्हा शोधाशोध नको, एवढंच.

निर्णय झाला. लॉ करणार. बी.ए. होऊन वर्ष झालं, गावात म्हणतात डिगंबर झोपे घरी बसला. बसलो नव्हतो, विचार करत होतो. थर्ड क्लास आला तो एका पेपरमुळे. त्या पेपरचा आणि वकिलीचा काही संबंध नाही.

आता प्रश्न फक्त कॉलेजचा. पुण्याचं कॉलेज सर्वांत नावाजलेलं, हॉस्टेल आहे, मोठमोठे जज्ज तिथून निघालेत. मुंबईला हायकोर्ट जवळ, पण राहायचं कुठे? जळगावचं सकाळचं असतं, सायकलवर जाता येतं. म्हणूनच नको. सायकलवर जाऊन कोणी सरकारी वकील झाल्याचं ऐकलं नाही.

१२ एप्रिल
आमच्या घरात सगळं झिपरूआबांच्या हातात. आबा म्हणजे नानांचे थोरले भाऊ. नाना माझे सख्खे वडील, पण त्यांना कोणी काही विचारत नाही आणि त्यांनाही ते बरं पडतं. सोळा एकर जमीन, केळी आणि कापूस, एक विहीर, एक चूल. आबांना मुलगा नाही. कुंदाताई एकुलती एक, ती पाचोऱ्याकडे दिलेली. काकू वारल्यापासून दोघे भाऊ एकाच ताटात जेवतात. हे हायजीनच्या दृष्टीने बरोबर नाही असं मी पूर्वीच सांगितलं होतं.

जेवताना विषय काढला. आबा म्हणाले, "यंदाच्या साल जळगावले जाय. सकाळी कॉलेज कर, दुपारी मह्यासंगं मळ्यात चाल. पुढच्या साली पाहू पुन्याचं."

पाहू म्हणजे नाही. मी नानांकडे पाहिलं. नाना भाकरी कुस्करत होते.

आबांना सही करता येत नाही. एका बी.ए. माणसाचं भवितव्य अंगठ्याखाली आहे.

२१ एप्रिल
जळगावला जाऊन रुपचंद वकिलांना भेटलो. आमच्या घराचे जुने वकील. व्यवसायात पुढे काय संधी आहेत ते विचारलं. म्हणाले, दहा वर्षं कोट झटकून बाकावर बसायची तयारी ठेव. मुन्सफ, सरकारी वकील, बँकेत लॉ ऑफिसर, साखर कारखान्याचा सल्लागार, एवढ्या जागा मी तोंडावर सांगितल्या. ते हसले. जुन्या माणसांना स्पर्धा नको असते.

येताना बार रूमबाहेर एक पत्रक चिकटवलेलं दिसलं. धुळ्याला एक निवृत्त न्यायाधीश मे महिन्यात 'कायदा प्रवेशपूर्व वर्ग' चालवणार आहेत. जूनमध्ये लॉला जाणाऱ्यांसाठी. म्हणजे बाकीचे पहिलं पान उघडतील तेव्हा मी निम्मा वकील असेन.

आबांनी धुळ्याला जायला लगेच होकार दिला. कशासाठी ते विचारलंसुद्धा नाही. घराचा कर्ता असा बेफिकीर असावा, हे धोक्याचं आहे.

२ मे, धुळे
बेबाबाई अक्काकडे उतरलोय. माझी थोरली बहीण. भाऊजी एस.टी.त कंट्रोलर, घरीही वेळापत्रकाप्रमाणे बोलतात. मला झोपायला गॅलरी दिली आहे. अभ्यासाला मोकळी हवा चांगली.

वर्ग एका शाळेच्या खोलीत भरतो. आम्ही आठ जण. न्यायाधीशांचं नाव राजहंस. एक वाक्य बोलतात आणि खिडकीबाहेर बघतात. आज म्हणाले, धुळ्याच्या निम्म्या वकिलांना काम नाही. सगळ्यांचे चेहरे पडले. माझा नाही. निम्म्यांना आहे.

६ मे
शेजारी भाईदास नावाचा मुलगा बसतो. शिरपूरकडचा. त्याला विचारलं, पुणे की मुंबई? म्हणाला, जिथे प्रवेश मिळेल तिथे. अशा माणसाचं पुढे काय होणार ते दिसतंच आहे.

ठराव: रोज पहाटे पाचला उठून कलमं पाठ करणे.

७ मे
गॅलरीत डास. उद्यापासून.

१७ मे
आजचा दिवस सोन्याचा.

साहेबांनी हिंदू कायदा सुरू केला. एकत्र कुटुंबातला कोणताही सज्ञान पुरुष केव्हाही वाटणी मागू शकतो. कारण द्यावं लागत नाही. कर्त्याने नाही म्हटलं तरी चालतं. वेगळं व्हायचं आहे एवढं स्पष्टपणे कळवलं की तो कायद्याने वेगळा झाला.

मी वहीत चार वेळा अधोरेखित केलं. चोवीस वर्षं मी त्या घरात राहतो आणि हे मला कोणी सांगितलं नाही.

आमच्या शाखेचा हिस्सा निम्मा. त्यात पुणे सहज बसतं. मुंबईसुद्धा.

१८ मे
वर्गानंतर साहेबांना विचारलं, एखाद्या सहमालकाला शिक्षणासाठी वाटणी हवी असेल तर नोटीस कोणत्या भाषेत द्यावी. साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग विचारलं, घरचं आहे का. मी म्हटलं, उदाहरणार्थ. म्हणाले, "घरच्यांवर नोटीस काढणारा वकील मी कधी पाहिला नाही. अशील पुष्कळ पाहिले."

याचा अर्थ मी पहिला ठरेन.

१९ मे
मसुदा तयार. 'स्वतःकरिता व वडील श्री. तुकाराम यांचेकरिता' असं घातलं, कारण नाना स्वतः काही मागणार नाहीत. भाषा कडक ठेवली. 'आपण कर्ता या नात्याने केलेल्या मनमानीस कंटाळून' हे वाक्य चांगलं उतरलंय. हेच पुढे कोर्टात वाचतील.

अक्काने पाहिलं. तिला इंग्रजी येत नाही, पण मराठी येतं. म्हणाली, "नानाले विचारलं का?" म्हटलं, कायद्याने गरज नाही. तिनं कागद उचलला आणि चुलीत घातला. मग तवा ठेवला.

कार्बन कॉपी होती.

वरच्या घरमालकीणबाई जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. अक्काला विचारलं, "हाऊ पोऱ्या वकील शे का?" अक्का म्हणाली, "नाही हो. पन बठ्ठा कायदा येस त्याले."

सगळा कायदा येतो म्हटल्यावर मला अक्काचा अभिमान वाटला. नंतर लक्षात आलं की तिने तोंड वाकडं केलं होतं.

२० मे
रजिस्टर पोस्टाने टाकली. पोचपावतीसह. माझं पहिलं व्यावसायिक काम.

३० मे
वर्ग संपला. साहेबांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. भाईदासला म्हणाले, चिकाटी ठेव. मला म्हणाले, घरी जा.

पोचपावती आली. डाव्या हाताचा अंगठा.

मायचाही निरोप आला, भाऊजींच्या एका ड्रायव्हरमार्फत. लगेच ये, एवढाच.

१ जून, भादली
येताना बसमध्ये मी सगळे मुद्दे तयार केले होते. आबा असं म्हणाले तर हे कलम, तसं म्हणाले तर ते. कोणी काहीच म्हणालं नाही.

काय झालं ते मायने सांगितलं. पोस्टमन आला तेव्हा आबा ओट्यावर होते. अंगठा दिला आणि पाकीट नानांकडे दिलं, कारण घरात आलेला कागद नेहमी नानाच वाचून दाखवतात. नाना चौथी शिकलेले. सरकारी काही असेल म्हणून मोठ्याने वाचायला लागले. समोर दोन-चार माणसंही होती. आपलं स्वतःचं नाव आलं तिथे नाना थांबले. आबा म्हणाले, "वाच पुरं. अर्धं कशाले ठेवतं?" मग नानांनी शेवटपर्यंत वाचलं. मनमानीसुद्धा.

वाचून झाल्यावर नाना म्हणाले, मले यातलं काही माहीत नाही. आबा म्हणाले, "पोरगं शिकेल हाये. बरोबरच लिहिलं असन."

माय हे सांगताना धान्य निवडत होती. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मुद्दा असा की प्रतिवादीने सर्व मागण्या मान्य केल्या. पहिली केस, आणि बिनविरोध. रुपचंद वकिलांना सांगितलं पाहिजे.

४ जून
आबा मला घेऊन मळ्यात गेले. नाना आले नाहीत. बांधावर उभे राहून आबांनी हातातली काठी माझ्याकडे दिली. म्हणाले, "तूच आख रेघ. तुले पाहिजे तिथून आख."

हा मानसिक दबावाचा प्रकार असतो. मी दबलो नाही. घाई न करता विचार केला. रस्त्याकडची आठ एकर आमच्याकडे घेतली. जळगाव वाढत चाललंय. पिंप्राळ्याकडे घरं होतायत, उद्या इकडे होतील. दहा वर्षांत या जमिनीचे प्लॉट पडतील. आतल्या बाजूला कोण विचारणार?

आबा म्हणाले, "इहीर आतल्या बाजूले जाते. ध्यानात हाये ना तुह्या?" मी म्हटलं, सुखाधिकार असतो. वापरात असलेल्या पाण्यावर हक्क राहतो. आबांनी आणखी एकदा विचारलं. मी समजावून सांगितलं. मग त्यांनी काठी परत घेतली आणि केळीच्या बागेतून चालत गेले. जाताना एका घडाखाली टेकू सरकला होता, तो नीट केला. ते झाड आमच्या बाजूला आलंय.

१४ जून
वाटणीपत्र मीच लिहिलं. चार पानं. रुपचंद वकिलांकडून लिहून घ्यावं असं नानांचं मत पडलं, पण घरात वकील असताना बाहेर जाणं बरं दिसत नाही. आबांनी अंगठा दिला. नानांनी सही केली. 'तुकाराम' लिहायला त्यांना फार वेळ लागला.

स्वयंपाकघरात मधे चटई उभी केली आहे. आबा पलीकडे स्वतः भाकरी टाकतात. मायने दुपारी वाटीभर भाजी चटईखालून सरकवली. मी सांगितलं की एकदा चूल वेगळी झाली की पुरावा म्हणून ती वेगळीच राहिली पाहिजे. माय म्हणाली, बरं. संध्याकाळी तिने पुन्हा सरकवली.

नाना दोन दिवस जेवले नाहीत. पोट बिघडलं असेल.

२८ जून
पुण्याहून फॉर्म आला. भरला. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात 'बागाईतदार' लिहिलं.

नानांकडे फीचा विषय काढला. नाना म्हणाले, पैशाचं आबा पाहायचे. मी म्हटलं, आता तुम्ही पाहायचं. नाना म्हणाले, "मले येत नाही."

केळी निघेपर्यंत थांबावं लागेल. ठीक आहे. पुणे कुठे पळून जात नाही.

५ जुलै
रुपचंद वकिलांकडे गेलो. वाटणीपत्र दाखवलं. पहिल्या पानावर मान डोलवली, दुसऱ्यावर थांबली. विचारलं, विहिरीबद्दल एक शब्द का नाही? मी सुखाधिकार सांगितला. म्हणाले, आजवर विहीर तुमची स्वतःचीच होती, स्वतःच्या विहिरीवर सुखाधिकार कसला? भांडता येईल, पण दहा वर्षं लागतील.

मग चष्मा काढून म्हणाले, एप्रिलमध्ये आबा आले होते माझ्याकडे. कोणतं कॉलेज चांगलं विचारत होते. मी पुणं सांगितलं. तर म्हणाले, पुण्यालाच पाठवतो, पण एक वर्ष घरी राहू द्या, एकदा गेला की परत मळ्यात येणार नाही. वर्षभर तरी सोबत राहू दे.

मी विचारलं, हे तुम्ही लेखी घेतलं होतं का?

रुपचंद वकिलांनी दुसऱ्या अशिलाला बोलावलं.

घरी आल्यावर विचार केला. आबांनी हे मला सांगायला हवं होतं. माहिती दडवली. चूक त्यांची.

१९ जुलै
आबा पाणी देतात. इंजिन लावलं की आधी आमच्या बाजूला सोडतात. नाना बांधावर जाऊन बसतात, आबा पलीकडे बसतात. बोलत नाहीत. विड्या दोघांच्या एकाच बंडलातल्या.

हे मला पसंत नाही. आज उपकार म्हणून घेतलेलं पाणी उद्या हक्क म्हणून मागता येणार नाही. पत्र लिहिलं: 'सदर पाणी आपण मेहेरबानी म्हणून देत नसून आमच्या हक्कापोटी देत आहात, असे आपण लेखी मान्य करावे.' पोस्टाचा खर्च वाचवायला चटईवरून टाकलं.

या वेळी नानांनी वाचून दाखवायला नकार दिला. आबांनी पोस्टमनकडून वाचून घेतलं.

२ ऑगस्ट
पुण्याची मुदत गेली. फीसकट अर्ज द्यायचा होता. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी देईन.

जळगावच्या कॉलेजात अजून प्रवेश चालू आहेत. भाईदास तिथे लागला. बाजारात भेटला. सकाळी कॉलेज, दुपारी एका वकिलाकडे नकला करतो. म्हणाला, चल, मी उद्या तुझ्यासाठी फॉर्म आणतो. मी म्हटलं, बघतो. एकदा पुणे ठरवल्यावर जळगाव म्हणजे हार मानल्यासारखं होईल.

२० ऑगस्ट
आबांनी मळ्यातला त्यांचा हिस्सा विकला. विहिरीसकट. जळगावच्या दलिचंद शेटजींना.

मी हरकत घ्यायला धावलो. दलिचंद शेटजींनी गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि माझंच वाटणीपत्र पुढे केलं. कलम सहा. 'प्रत्येकास आपले हिश्श्याची विक्री करण्याचा पूर्ण अधिकार राहील.' अक्षर माझंच. म्हणाले, "वकीलसाहेब, फार सुरेख लिहिलंय. माझ्या वकिलाला एक शब्द बदलावा लागला नाही."

हे त्यांनी मनापासून म्हटलं असं वाटतं.

२२ ऑगस्ट
आबा कुंदाताईकडे गेले. एक वळकटी, एक तांब्या. नाना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. मीही निघालो होतो, पण आबा म्हणाले, "तू राह्य. तुहा अभ्यास हाये."

टोमणा होता की नव्हता ते कळलं नाही. आबा टोमणे मारत नाहीत.

गाडी केव्हाच गेली होती, तरी नाना अंधार पडल्यावर आले. चटई काढून टाकली. मग बसले आणि म्हणाले, आता ही कशाले.

११ ऑक्टोबर
इंजिनच्या खोलीला शेटजींच्या माणसाने कुलूप लावलं आहे. पाऊस असा-तसाच झाला. रस्त्याकडच्या बाजूला पानं पिवळी पडायला लागली. प्लॉटच्या दृष्टीने केळी नसलेली बरी.

नकाशा काढून ठेवला आहे. चाळीस प्लॉट बसतात. मधे बाग.

जळगावचे प्रवेश संपले असं कळलं. चौकशीला गेलो होतो, फक्त चौकशीला.

५ डिसेंबर
युद्ध सुरू झालं. अशा वेळी वैयक्तिक करिअरचा विचार करणं देशाच्या दृष्टीने योग्य नाही. लॉ तूर्त स्थगित.

धरणगावच्या हायस्कुलात इतिहासाच्या मास्तरची जागा होती, ऑगस्टमध्ये त्यांनी मला विचारलं होतं. तेव्हा मी नको म्हटलं. आज सहज पत्र टाकलं.

२० डिसेंबर
युद्ध संपलं. फार लवकर.

धरणगावची जागा सप्टेंबरातच भरली.

९ फेब्रुवारी १९७२
केळीचा मळा तोडला. खोडं बांधावर टाकली. नाना दिवसभर त्यांच्याजवळ बसून होते. मी सांगितलं, दुसऱ्यांदा लावू तेव्हा बोअर मारू. नाना म्हणाले, "कोन लावन?"

मी म्हटलं, आपण.

मला वाटतं त्यांना 'आपण' म्हणजे कोण, ते नीट समजलं नाही.

३ एप्रिल
अक्काचं पत्र. ख्यालीखुशाली वगैरे. राजहंस साहेबांचा वर्ग यंदाही आहे. भाऊजी बाजारात भेटले तेव्हा साहेबांनी विचारलं, तो उदाहरणार्थवाला मुलगा कसा आहे.

लक्षात ठेवलंय म्हणजे छाप पडली होती.

१३ मे
परवा आखाजी, अक्षय तृतीया. पितरांची घागर दोघे भाऊ मिळून भरायचे, दर साल. नाना सकाळीच म्हणाले, मी पाचोऱ्याकडे जाऊन येतो, घागर तिथेच भरू. मी म्हटलं, कायद्याने आपण विभक्त आहोत, घागर वेगळी भरली तरी पितरांना पोचते. नानांनी धोतराचा सोगा खोचला आणि निघाले. एवढं भरभर चालताना मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

१९ मे
नाना आले नाहीत.

२२ मे
कुंदाताईच्या गावचा माणूस निरोप घेऊन आला. नाना तिथेच राहतायत. कुंदाताईच्या सासऱ्यांच्या मळ्यात दोघे भाऊ राखणीला असतात. बांधावर खोपी घातली आहे. तब्येत चांगली आहे, जेवण जातं. नानांचं दुसरं धोतर आणि घोंगडी मागितली होती.

मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप? तो माणूस जरा आठवत राहिला. म्हणाला, आबा म्हणे, पोराले म्हना अभ्यास कर.

मायने धोतर आणि घोंगडी बांधून दिली. मग स्वतःची दोन लुगडीही त्याच गाठोड्यात घातली. म्हणाली, दोघं पुरुष माणसं, कुंदाले किती करायले लावनार, चार दिवस जाऊन येते.

४ जून
मायचे चार दिवस अजून झाले नाहीत.

आता सोळापैकी आठ एकर, घर आणि ओटा, सगळं एकट्याच्या ताब्यात आहे. कर्ताही मीच. मन एकाग्र व्हायला अशी शांतता मिळत नाही कोणाला. पुण्याचा फॉर्म या महिन्यात निघेल. मुंबईचाही मागवून ठेवावा म्हणतो. निवड नंतर करता येईल.

सकाळपासून चूल पेटवतोय. लाकडं ओली नाहीत, रॉकेल घातलं, फुंकणीनेही फुंकलं. नुसता धूर. शेजारच्या इंदिराबाई धूर बघून दारात आल्या. विचारलं, घरात कोनी नाही का?

मी म्हटलं, आहे ना.

त्या आत डोकावल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि गेल्या.